पहिल्या पंगतीत आक्का

तुर्भ्याच्या ज्या रंगांच्या कारखान्यात मला पहिली नोकरी लागली, तिथे दरवर्षी मे महिन्यात कंपनी आपल्या डीलर लोकांना कुठेतरी फिरायला नेत असे. एका वर्षी ते सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजावर जाणार होते. त्या वर्षी मोठ्या साहेबांच्या मनात आले की कारखान्यातल्याही दोन माणसांना सहकुटुंब पाठवावे. प्रयोगशाळेतून माझे नाव निघाले. मी तिथे रंगांच्या छटा जुळवण्याचे काम करीत होतो, आणि त्या वर्षी छटा चुकली म्हणून माल परत आला नव्हता, एवढेच कारण असावे. नोटीस बोर्डावर माझ्या नावापुढे ‘सहकुटुंब’ असे टाइप केलेले होते. माझे लग्न झालेले नव्हते.

“आता कुटुंब कुठून आणणार?” शेजारच्या टेबलावर काम करणारा मित्र म्हणाला. “मेच्या आत उरकून टाक. जहाज थांबायचं नाही तुझ्यासाठी.”

मी दोन दिवस विचार केला आणि पर्सोनेलच्या साहेबांकडे गेलो.

“साहेब, बहिणीला नेलं तर चालेल का?”

“धाकटी?”

“थोरली. तिनंच मला शिकवलं.”

साहेबांनी चष्मा काढला. “मग विचारतोस काय? पासपोर्टची तयारी कर,” म्हणाले. त्या माणसाचे उपकार मी आजही मानतो. त्यांनी नाही म्हटले असते तरी त्यात वावगे काही नव्हते.

आक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी. नांदायला गेली आणि दोन वर्षांत परत आली. का, ते तिने कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. आई आधीच गेली होती, वडीलही त्यानंतर फार टिकले नाहीत. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मुलींचे एक वसतिगृह होते. तिथे आक्का स्वयंपाकाला लागली आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत तिने मला वाढवले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंतही पोचलेले नव्हते. मी बी.एस्सी. झालो तो त्या खोलीत, चुलीच्या उबेला बसून.

ती कामाला लागली तेव्हा आमच्या वस्तीतली बाई स्वयंपाक करणार म्हणून दोन पालक आपल्या मुलींना घेऊन गेले होते. अधीक्षिका बाई कडक होत्या. त्यांनी कुणाला काही समजावले नाही. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मुलींच्या रांगेत पाट टाकून बसल्या आणि आक्काला म्हणाल्या, “वाढा.” पुढच्या वर्षी त्या दोघींतली एक मुलगी परत आली. नंतर सगळे ही गोष्ट विसरले. आक्का विसरली नव्हती.

तिथली जेवणाची रीत अशी होती. मुलींनी ओळीने बसायचे. शेवटच्या ताटात भाकरी पडेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. वाढणाऱ्यांनी मागून जेवायचे आणि आक्काने सर्वांत शेवटी. हे कुणी तिला सांगितले नव्हते. तिनेच ते ठरवले होते, आणि पातेल्यात काय उरले आहे ते बघून ती स्वतःची भूक ठरवीत असे. आम्ही दोघे बरोबर जेवायला बसलो आहोत, असे लहानपणीचे एकही चित्र माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. ती कायम माझ्यासमोर उभी असे.

नोकरी लागल्यावर मी घणसोली गावात खोली घेतली. घराला घर चिकटलेले जुने गाव. मागे खाडीकडची मोकळी जागा आणि पुढे कारखान्यांचा रस्ता. मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहत, मी वर. सकाळी बसने तुर्भ्याला जायचे, संध्याकाळी खानावळीत जेवून परत यायचे. कामाच्या दिवशी बरे असे. रविवारी मी वाशीला जाऊन दुकानांसमोरून फिरून येई. कधीकधी रविवार असा जाई की कंडक्टरला स्टॉपचे नाव सांगण्यापलीकडे तोंडातून शब्द निघत नसे. गावात माणसे भरपूर होती. ओट्यांवर बसून एकमेकांशी मोठ्याने बोलत, हसत. मी त्यांच्यामधून जिना चढून वर जाई. कुणी वाईट वागले नाही, पण मला थांबवून ‘बस’ म्हणावे असे कुणाचे माझ्याकडे कामही नव्हते.

म्हणून मी ठरवले होते की आक्काला इकडे आणायचे. कायमचे. शेजारची खोली रिकामी झाली तेव्हा तीही घेतली. वसतिगृह उन्हाळ्यात बंद असे. मेच्या सुरुवातीला आक्का पत्र्याची ट्रंक घेऊन आली, तेव्हा मी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकले.

“आक्का, आता जूनला परत जायचं नाही.”

“बघू की,” ती म्हणाली.

मी तो होकार धरला. भांड्याकपड्याला एक बाई लावली. खानावळीतून दोघांचा डबा सुरू केला. तिला म्हणालो, “आयुष्यभर राबलीस. आता तू फक्त बसायचं.” हे म्हणताना मला किती बरे वाटले होते ते मला आठवते. कितीतरी वर्षे मनात धरून ठेवलेले वाक्य होते ते.

आठवडा झाला असेल. मी कामावरून आलो तर मालकीणबाईंनी मला जिन्यात गाठले.

“तुजी बहीन दिसभर हितंच बसलेली असते. माजी सगली सुकट निवडून दिली तिनं. मी नको बोलले, आयकते कुठं? तिला काय काम हाय का नाय घरात?”

“नाही, मुद्दामच ठेवलं नाही,” मी म्हणालो.

“मंग तिनं करायचं काय?” बाईंनी विचारले. मला तो प्रश्न लागला नाही. मला वाटले, जहाजावरून आल्यावर तिला या सुखाची गोडी लागेल. ते चार दिवस पाहिले की तिच्या लक्षात येईल की कष्टाचे दिवस संपले. माझी सगळी भिस्त त्या जहाजावर होती.

विमानात आक्का डोळे मिटून बसली होती. जहाज पाहिल्यावर मात्र तिने मान वर करून, पदर सावरत, शेवटच्या मजल्यापर्यंत नीट पाहिले. “ही तर वसाहत हाय,” म्हणाली.

आमची केबिन आतल्या बाजूला होती. तिला खिडकी नव्हती. एका भिंतीवर मात्र छान पडदा होता. आक्काने आत आल्याबरोबर तो बाजूला सारला, तर मागे नुसती भिंत. तिने पडदा पुन्हा होता तसा ओढला. संडास-बाथरूमचा उंबरा चांगला वीतभर उंच होता. चादर गादीखाली इतकी ताणून खोचलेली की तिच्यात शिरायचे कसे हे कळेना. आक्का पहिल्या रात्री चादरीच्या वरच झोपली.

केबिन आवरायला येणारा माणूस फिलिपिन्सचा होता. नवरा-बायको समजून त्याने दोन्ही पलंग जोडून ठेवले होते. मी त्याला इंग्रजीत सांगितले की ही माझी बहीण आहे. तो इतक्यांदा माफी मागू लागला की मलाच संकोच वाटला.

“काय म्हनतोय?” आक्काने विचारले.

“काही नाही. पलंग सरकवायचे म्हणतोय.”

तेवढे ऐकून तिने दुसऱ्या बाजूने पलंग धरला आणि त्याच्याबरोबर सरकवला. तो नको नको म्हणत राहिला. संध्याकाळी त्याने उशांवर एकेक चॉकलेट ठेवले होते. आक्काने दोन्ही रुमालात बांधून ट्रंकेत टाकली. “पोरींना व्हतील,” ती सहज म्हणून गेली. मी ऐकले आणि ऐकले नाही असे केले.

रोज सकाळी तो माणूस यायच्या आत आक्का दोन्ही पलंग आवरून, चादरी घडी करून, ग्लास धुऊन पालथे घालून मोकळी होई. तो येई, दारात उभा राहून बघे आणि मला विचारी, “सर, काही तक्रार आहे का?”

जेवणाच्या हॉलमध्ये दोन वेळा होत्या. अर्धे प्रवासी संध्याकाळी आधी जेवत, अर्धे नंतर. प्रत्येकाचे टेबल ठरलेले होते, शेवटच्या दिवसापर्यंत तेच. मी आक्काला समजावले की आपली पहिली पंगत आहे.

“पहिली?” तिने विचारले. जणू काही चूक झाली असावी.

आमच्या टेबलावर सहा जणांची जागा होती. पहिल्या दिवशी डीलर मंडळींपैकी दोन जोडपी आमच्याबरोबर होती. माणसे चांगली होती. त्यांनी आक्काला गाव विचारले, मुलेबाळे विचारली. मग मेनूकार्डे आली आणि सगळे तिकडे वळले. आमचा वाढपी आमचे बोलणे ऐकून थबकला.

“तुमी मराठी?”

तो रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावचा मुसलमान होता. चाळिशीचा, गालफडे बसलेला, हसरा. त्याचे घर आता पनवेलजवळ होते. भाऊ तिथे फर्निचरचा धंदा करीत होता. घणसोली म्हटल्यावर त्याने हातातले ताट सांभाळत मान डोलावली. “म्हणजे आपल्या वाटेवरचे. मी विमानतळावरून घरी जाताना तिकडूनच जातो.” इतक्या दूर पाण्यावर कुणीतरी ‘आपल्या वाटेवरचे’ म्हटले याचे मला फार अप्रूप वाटले.

त्याने वाढले. सगळ्यांनी खायला सुरुवात केली. आक्का हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

“ताई, आवडलं नाय का? दुसरं आणू?” त्याने विचारले.

“तुमी कधी जेवनार?”

“आमी? आमचं मागून. दुसरी पंगत उठली की.”

“दुसऱ्या पंगतीला किती मानसं?”

“एवढीच, ताई.” त्याने हॉलकडे हात केला.

आक्काने तो सगळा हॉल नजरेखालून घातला. झुंबरे, पांढरी टेबले आणि टेबलांमधून झपाझप चालणारी काळ्या जाकिटातली माणसे. “तवर उपाशी?”

“सवय हाय आमाला.”

“सवय मला बी हाय,” आक्का म्हणाली. “पर उभ्या मानसासमोर मला घास जात न्हाई. तुमी दोन घास खाऊन घ्या, मग मी बसते.”

तो हसला. बाकीची चौघेही हसली. मी तिला हळूच म्हणालो, आक्का, इथं तसं नसतं. तिने माझ्याकडे पाहिले आणि जेवायला लागली. पण जेवली कशी? खाली मान घालून, भरभर, एकेक बशी संपवत. आपण लवकर उठलो की हा लवकर मोकळा होईल, असा तिचा हिशेब होता. तो बिचारा रिकामी बशी उचलून दुसरी आणे, ती दुसरी संपवी. गोड येईपर्यंत ती घामाघूम झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही जोडप्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. कंपनीने डीलर लोकांसाठी आपला स्वयंपाकी बरोबर आणला होता आणि वरच्या मजल्यावर त्यांची शाकाहारी जेवणाची सोय वेगळी केली होती. बहुतेक मंडळी तिकडे गेली. टेबल सहा जणांचे आणि आम्ही दोघे, समोरासमोर. शेजारच्या टेबलांवरचे हसणे ऐकू येत होते.

“आपल्यामुळं उठले का रे?” आक्काने विचारले.

“नाही गं. त्यांचं जेवण वेगळं आहे.”

ते खरेच असावे. तिला मात्र ते पटले नाही, असे मला वाटते. जेवताना तिने दोनदा रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिले होते आणि दोन्ही वेळा पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला होता.

दिवसा आम्हाला काही करायचे नसे. वर पोहण्याचा तलाव होता, तिथे मंडळी बसत. एका हॉलमध्ये अंताक्षरी चाले. मी दोनदा आक्काला घेऊन गेलो. आम्ही मागे बसलो. मला गाणी येत होती, पण कुणी विचारले नाही आणि मीही पुढे झालो नाही. कॉलेजातही मी असाच होतो. आक्का माझ्याकडे बघत होती. मला वाटले होते की तिला मी सुख दाखवतो आहे. खरे तर चार दिवस सलग तिने मला जवळून पाहिले आणि मी कसा राहतो ते तिला दिसले.

तिसऱ्या संध्याकाळी जेवण संपले आणि आमचा वाढपी लांबच्या टेबलावर अडकला होता. एका लहान मुलाने काहीतरी सांडले होते. आक्काने जरा वाट पाहिली. मग तिने आमच्या बशा एकात एक रचल्या, काटे-चमचे वर ठेवले, नॅपकिनने टेबल पुसले. मी म्हणालो, “राहू दे, आक्का.” तोवर ती उठली होती. चळत दोन्ही हातांवर तोलून ती सरळ स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराकडे निघाली. इस्त्रीच्या सुती साडीत, पदर कमरेला खोचून, ती त्या झुंबरांखालून अशी चालली जशी वसतिगृहात चालते. तीन दिवसांत पहिल्यांदा तिची चाल तिची होती.

काळ्या सुटातला मुख्य वाढपी जवळजवळ धावत आला. त्याने दोन्ही हातांनी त्या बशा घेतल्या, कमरेत वाकून माफी मागितली आणि तिला हाताने वाट दाखवत खुर्चीपर्यंत आणून बसवले. मग तो आमच्या वाढप्याकडे गेला. त्याचा आवाज चढला नाही, चेहराही बदलला नाही. तो हळू बोलत होता आणि आमचा वाढपी खाली बघत होता. पाहुणी स्वतः उठून भांडी न्यायला लागली, म्हणजे तिला किती वाट बघायला लावली असेल, असाच त्याचा अर्थ निघत होता. दुसरा निघण्यासारखाही नव्हता.

“त्याला कामून बोलतोय?” आक्काने विचारले. “मी त्याच्याच कामाला हात लावला.”

मी उठलो. काय बोलायचे ते मनातल्या मनात इंग्रजीत जुळवले आणि मुख्य वाढप्याकडे गेलो. त्याचे काम उत्तम आहे, माझ्या बहिणीला भांडी उचलायची सवय आहे, ती स्वतः असेच काम करते, असे सांगितले. त्याने माझे शेवटपर्यंत ऐकून घेतले. “सगळं ठीक आहे, सर. तुम्ही सहलीचा आनंद घ्या,” म्हणाला आणि हसला. त्या हसण्यापुढे माझे काही चालले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या न्याहारीला आमच्या टेबलाला नवा माणूस होता. आमचा वाढपी हॉलच्या टोकाला अंड्यांच्या शेगडीपाशी उभा होता. आक्का उठली आणि त्याच्यापुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे.

“माझ्यामुळं झालं,” ती त्याला म्हणाली.

“नाय ओ ताई. टेबलं बदलतच असतात. हितं बरंय, फार चालायला लागत नाय.” त्याने तव्यावर अंडे फोडले. मागची रांग पाहून तो आवाज उतरवून म्हणाला, “पन एक सांगू का? राग मानू नका. हितं तुमी कायपन करू नका. फक्त बसा. तुमी बसलात ना, की आमचं सगलं बरं चालतं.”

“बरं,” आक्का म्हणाली. त्याने बशीत घातलेले अंडे तिने दोन्ही हातांनी घेतले आणि टेबलावर येऊन सगळे खाल्ले. नवा माणूस बशी उचलेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली.

त्या दिवशी दुपारनंतर आम्ही वरच्या डेकवर होतो. लाकडी खुर्च्यांची लांब रांग होती आणि समोर पाणी. कुठेही काठ नव्हता. खालून कुणीतरी माईकवर आकडे पुकारत होते आणि डीलर मंडळींचा हशा येत होता.

“मी जूनला जाईन,” आक्का म्हणाली.

“त्या माणसामुळं? तो म्हणाला ना, काही झालं नाही.”

“त्याच्यामुळं न्हाई. त्यो खरं बोलला. तू बी मला तेच म्हनतोस. बस. नुसतं बस.”

“तू दमलीस म्हणून म्हणतो.”

“दमते की. दमल्यावर झोप लागती. तुझ्या खोलीत मला झोपच येत न्हाई.”

मी म्हणालो की डबा बंद करू, घरी स्वयंपाक कर, तुला वाटेल ते कर. कामाची बाई काढून टाकतो. ती ऐकत होती.

“दोन मानसांचा सैपाक,” ती म्हणाली. “सकाळी आठला संपतो. मग?”

आणि मग मी जे कधीच कुणाला बोललो नव्हतो ते माझ्या तोंडून गेले. “आक्का, मी तिथं एकटा असतो गं.”

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिचा तळवा खरखरीत होता, चार दिवसांच्या आरामाने त्याला काही झाले नव्हते.

“म्हाईत हाय मला,” ती म्हणाली. “आल्यापास्नं बघतेय. पर तू सकाळी जातोस ते दिवस मावळल्यावर येतोस. माझ्यामुळं तुझे दोन घंटे जातील. माझा दिवस कशानं जायचा?” तिने माझ्या गुडघ्यावरचा हात उचलला. “तिथं पोरी हायेत. माझ्या हातचं खात्यात.”

शेवटचे वाक्य ती अगदी हळू बोलली. त्या ‘माझ्या हातचं’मध्ये काय काय होते, ते मला कळत होते. मुलीला हाताला धरून घेऊन गेलेले दोन पालक होते, पाट टाकून बसलेल्या बाई होत्या आणि त्यानंतरची एवढी वर्षे होती. माझ्याकडे तिला द्यायला त्याच्या तोडीचे काही नव्हते. माझ्याकडे फक्त दोन खोल्या होत्या आणि मी होतो.

खुर्च्यांपाशी टॉवेल वाटणारा माणूस आला. आक्काने दोन टॉवेल घेतले, मान लववली आणि तशीच बसून राहिली.

जूनच्या सुरुवातीला मी तिला पनवेलहून गाडीत बसवून दिले. निघताना मालकीणबाईंनी तिच्या हातात सुकटीची पुडी ठेवली. “आमची आठवन काड,” म्हणाल्या आणि माझ्याकडे वळून, तिच्यादेखत, “ह्याला बगते मी. तू कालजी नको करू.” खिडकीतून आक्का मला म्हणाली, “लगीन कर आता. माझी वाट बघू नगंस.” गाडी हलल्यावर तिने खिडकीतून हात बाहेर काढला नाही. अशा गोष्टी तिला जमत नसत.

मी परत आलो. शेजारची खोली सोडून दिली. डबा एकाचा केला. भांडीवाल्या बाईला सांगितले की आता गरज नाही. बोलायला तीही एक माणूस होती, हे माझ्या नंतर लक्षात आले. कारखान्यात सगळे जहाजाविषयी विचारीत. मी झुंबरांचे, पोहण्याच्या तलावाचे, जेवणाच्या हॉलमध्ये ठेवलेल्या, बर्फात कोरलेल्या हंसाचे वर्णन करी. आक्काला आवडले का, असे विचारले की मी हो म्हणे. मित्राने एकदा विचारले, “मग राहिली का ती इकडे?” मी म्हणालो, शाळा सुरू झाली ना. त्याला ते पुरले.

वसतिगृह उघडून आठवडा झाल्यावर, रविवारी, मी नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून अधीक्षिका बाईंच्या ऑफिसात फोन लावला. वेळ मी दुपारची निवडली होती, तेव्हा ती मोकळी असेल असे वाटून. फोन बाईंनीच उचलला. त्यांनी माझी चौकशी केली, नोकरी कशी आहे विचारले.

“आक्काला बोलावता का?”

“आज उशीर झालाय. मुली आत्ताच बसल्यात, त्या वाढतायत,” बाई म्हणाल्या. “अर्ध्या तासाने करा.”

मी बूथबाहेर येऊन उभा राहिलो. रस्त्याने ट्रक जात होते, बाजूच्या टपरीवर माणसे चहा पीत होती. बूथवाल्याने मला आतली खुर्ची देऊ केली. मी नको म्हणालो. अर्धा तास झाल्यावर पुन्हा फोन लावला. या वेळी मागे भांड्यांचा आणि मुलींच्या बोलण्याचा मोठा आवाज होता. आक्का फोनवर आली ती धापा टाकतच.

“बरा हाईस का?”

“बरा आहे. तू?”

“एक नवी पोरगी आलीया. दोन दिस झाले, रडती, अन्नाला शिवत न्हाई. आत्ता कुठं माझ्या जवळ बसून खाया लागलीया. मी उठले की ताट सारील.” तिचा आवाज तिकडे वळला, कुणाला तरी ‘आले गं’ म्हणाली आणि परत आला. “ठेवू का? मागनं बोलू.”

“ठेव,” मी म्हणालो.

तिने फोन ठेवला. मी रिसीव्हर थोडा वेळ कानाशी तसाच धरून उभा राहिलो. बाहेर एक माणूस नंबर यायची वाट बघत होता. त्याने काचेवर बोटाने वाजवले, तेव्हा मी दार उघडून त्याला आत येऊ दिले.